पोलीस समाजाचे, मग माणूस कोणाचा?

पालघर जिल्ह्यातल्या दातिवऱ्याला वैतरणा समुद्राला मिळते. संध्याकाळी होड्या लागल्या की किनाऱ्यावर जी बैठक जमते, तिच्यात मासळीच्या भावापासून दिल्लीच्या सरकारपर्यंत कुठलाही विषय वर्ज्य नसतो. मध्यंतरी तिथे एका होडीवाल्याचे गाऱ्हाणे चालले होते. जाळी लावण्याच्या जागेवरून त्याचे कुणाशी तरी भांडण झाले होते आणि समोरच्याने चारचौघांत ‘तुला बघून घेतो, समुद्रावर एकटा सापड’ अशी धमकी दिली होती. हा पोलीस ठाण्यात गेला. तिथे त्याची एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, लिहून घेतली, कागद हातात दिला आणि सांगितले, ‘काही झालं तर या.’ काही झाल्यावर कोण येणार, असा त्याचा साधा प्रश्न होता.

बैठकीत त्याचा भाचा होता, मुंबईत वकिली शिकणारा. तो म्हणाला, “मामा, तुम्हाला वाचवायचं पोलिसांवर कायदेशीर बंधनच नसतं. पोलीस समाजासाठी असतात, एकेका माणसासाठी नाही. सुप्रीम कोर्टानंच सांगितलंय.” मामा गप्प झाला. सुप्रीम कोर्टापुढे कोण बोलणार? मी विचारले, “कुठलं सुप्रीम कोर्ट रे?” त्याने मोबाइल चाळला, जरा ओशाळला आणि हसला. कोर्ट वॉशिंग्टनचे होते.

हसण्यावारी नेण्याची ही गोष्ट नाही. भाच्याने जे सांगितले ते आज सुशिक्षितांचे प्रचलित मत आहे. काहींनी ते अमेरिकेतून आयात केले आहे, काहींनी ठाण्याच्या बाकावर तासन्‌तास बसून स्वानुभवाने बनवले आहे. वाट कुठलीही असो, निष्कर्ष एकच: पोलिसांचे कर्तव्य हवेतल्या ‘समाजा’शी आहे, समोर उभ्या असलेल्या माणसाशी नाही. हे मत आपल्या कायद्याला धरून नाही, असे माझे म्हणणे आहे. पण आपल्याकडे खंडन करण्यापूर्वी पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण ताकदीनिशी मांडण्याची शिस्त आहे. ती पाळतो.

पूर्वपक्ष

प्रचलित मताचे चार आधार आहेत आणि चारही वजनदार आहेत.

पहिला आधार तत्त्वाचा. पोलीस दल करातून चालते, ते सर्वांचे असते. जे सर्वांना देणे आहे ते कुणा एकाला मागता येत नाही. कोलंबिया डिस्ट्रिक्टच्या अपील न्यायालयाने १९८१ साली ‘वॉरन’ खटल्यात नेमके हेच म्हटले. घरात घुसलेल्या गुंडांविषयी दोनदा फोन करूनही पोलीस दार वाजवून निघून गेले होते. तरी भरपाईचा दावा टिकला नाही. २००५ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘कॅसल रॉक’ प्रकरणात सात विरुद्ध दोन मतांनी तोच सूर लावला. त्या प्रकरणात बाईच्या हाती नवऱ्याविरुद्धचा मनाई आदेश होता. त्याने तीन मुली पळवल्या, ती रात्रभर पोलिसांना विनवत राहिली आणि पहाटे तिन्ही मुली मेलेल्या सापडल्या. आदेशाची अंमलबजावणी होणे हा तिचा हक्क नव्हे, असे न्यायालयाने ठरवले.

दुसरा आधार व्यवहाराचा. माणसे अगणित, पोलीस मोजके. धमकी आलेल्या प्रत्येकाच्या दारी शिपाई बसवायचा तर बंदोबस्त, तपास, वाहतूक कोण पाहणार? शिवाय प्रत्येक गुन्ह्यानंतर पोलिसांवर दावे लागू लागले, तर ते गुन्हेगाराच्या मागे धावण्याऐवजी आपली कागदपत्रे सांभाळत बसतील. इंग्लंडच्या लॉर्ड्सनी १९८८ साली ‘हिल’ खटल्यात हीच भीती बोलून दाखवली होती.

तिसरा आधार न्यायाचा. सरकारने स्वतःच्या हाताने मारले तर सरकार जबाबदार. कोठडीतला मृत्यू त्यात येतो. पण मारले तिसऱ्यानेच, तर त्या तिसऱ्याच्या पापाचे माप सरकारच्या पदरात का घालायचे?

चौथा आधार आपल्याच न्यायालयांचा, आणि तो भाच्याने शोधलाच नव्हता. १९६४ साली ‘कस्तुरीलाल’ खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांच्या हलगर्जीपणाबद्दल भरपाई नाकारली. मेरठमध्ये पोलिसांनी एका सराफाचे सोने जप्त केले, ते ठेवलेल्या मालखान्यातून हवालदारच ते घेऊन पाकिस्तानात पळाला. न्यायालय म्हणाले, अटक आणि जप्ती हे सार्वभौम अधिकार आहेत, त्यांच्या वापरातल्या चुकीबद्दल राज्यावर दावा चालत नाही. पुढे दिल्लीच्या ‘उपहार’ चित्रपटगृहातील आगीत ५९ माणसे गेली. त्या प्रकरणी २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने परवाना देणाऱ्या पोलीस यंत्रणेला भरपाईच्या दायित्वातून मोकळे केले. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचे कलम १५९ तर सद्‌भावनेने केलेल्या कृतीला थेट कवच देते.

असा हा पूर्वपक्ष. आता उत्तर.

कायदा काय बोलतो

उत्तराची सुरुवात पुस्तकापासून करू, कारण या वादात पुस्तक उघडायची तसदी फार थोडे घेतात. फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १४९ आणि १ जुलै २०२४ पासून तिची जागा घेतलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १६८ यांचा मजकूर एकच आहे. दखलपात्र गुन्हा घडू नये म्हणून पोलीस अधिकारी मध्ये पडू शकेल, असे त्याचा पूर्वार्ध सांगतो. आपल्या पूर्ण कुवतीने तो गुन्हा रोखील, असे उत्तरार्ध सांगतो. एकाच वाक्यात कायद्याने ‘शकेल’ आणि ‘रोखील’ अशी दोन क्रियापदे जाणूनबुजून वापरली आहेत. पहिले अधिकार देते, दुसरे बंधन घालते. दोन्ही ठिकाणी ‘शकेल’ वाचणारा माणूस कायदा वाचत नसतो, आपली सोय वाचत असतो.

आणि दखलपात्र गुन्हा म्हणजे काय? खून, दरोडा, बलात्कार, गंभीर दुखापत. यांतला कुठला गुन्हा ‘समाजा’वर होतो? खून होतो तो एका माणसाचा. दरोडा पडतो तो एका घरावर. गुन्हा रोखण्याचे बंधन म्हणजे त्या माणसाला, त्या घराला वाचवण्याचे बंधन. माणूस बाजूला काढला तर रोखायला काही उरतच नाही.

महाराष्ट्रापुरते याहून स्पष्ट शब्द आहेत. १९५१च्या पोलीस अधिनियमाच्या कलम ६४मध्ये पोलिसांची सर्वसाधारण कर्तव्ये आहेत आणि कलम ६६मध्ये जनतेविषयीची. रस्त्यावर असहाय किंवा अपंग माणूस दिसला तर शक्य ती सर्व मदत करावी, लोकांवरचा अपघात किंवा धोका टाळण्याची पराकाष्ठा करावी, असे हे कलम सांगते. ‘असहाय माणूस’ हा शब्दप्रयोग पाहा. समाज कधी रस्त्यात असहाय पडलेला दिसत नाही, तिथे दिसतो तो एकटा माणूस. त्याच अधिनियमाच्या कलम २८नुसार पोलीस नेहमीच कामावर असल्याचे मानले जाते. आणि कलम १४५ तर कर्तव्यातील हेतुपुरस्सर हयगयीला आणि भ्याडपणालाही गुन्हा ठरवून शिक्षा सांगते. कर्तव्यच नसते, तर भ्याडपणाची शिक्षा कशाबद्दल?

हत्यार काढून घेतले त्याचे काय?

माझ्या मते या वादातले निर्णायक कलम पोलिसांच्या कायद्यात नाहीच. ते दंडसंहितेत, स्वसंरक्षणाच्या प्रकरणात आहे. स्वतःच्या जिवाचे रक्षण करण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. पण भारतीय दंडसंहितेचे कलम ९९ आणि आताच्या भारतीय न्याय संहितेचे कलम ३७ या हक्काला एक मर्यादा घालते: सरकारी यंत्रणेच्या संरक्षणाचा आश्रय घेण्याइतका वेळ असेल, तर स्वसंरक्षणाचा हक्क मिळत नाही.

म्हणजे आपला होडीवाला धमकीला उत्तर म्हणून चार माणसे आणि कोयते घेऊन समुद्रावर गेला आणि मारामारी झाली, तर न्यायालय त्याला पहिला प्रश्न विचारील, तुला वेळ होता, मग पोलिसांकडे का गेला नाहीस? तो म्हणेल, गेलो होतो. मग पोलिसांचा बचाव काय असेल? आमच्यावर तुझे बंधन नव्हते? एकाच सरकारने एका तोंडाने ‘हात उचलू नकोस, माझ्याकडे ये’ म्हणायचे आणि दुसऱ्या तोंडाने ‘आलास तरी तुझ्यासाठी येणे मला बंधनकारक नाही’ म्हणायचे, हा करार जगातला कुठलाही शहाणा माणूस करणार नाही. १९५९च्या शस्त्र अधिनियमानुसार परवान्याशिवाय बंदूक बाळगता येत नाही, तीही याच कराराची बाजू. नागरिकाने आपले हत्यार सरकारजमा केले, त्याच्या बदल्यात सरकारने संरक्षणाची हमी घेतली. हमी काढून घ्यायची असेल तर हत्यार परत द्यावे लागेल, आणि ते कुणालाच नको आहे.

अमेरिकेचा दाखला इथे लागू पडत नाही, त्याचे एक कारण हे आहे. तिथे बंदूक बाळगण्याचा हक्क घटनेतच आहे. पोलिसांचे वैयक्तिक बंधन नाकारणारे निकाल आणि घरोघरच्या बंदुका ही एकाच व्यवस्थेची दोन अंगे आहेत. त्यातले एकच अंग उचलून पालघरला आणायचे, म्हणजे घोडा सोडून खोगीर विकत घेण्यासारखे. शिवाय अमेरिकन निकालांवर त्यांचे शेजारीही खूश नाहीत. ‘कॅसल रॉक’मधली आई पुढे आंतर-अमेरिकी मानवाधिकार आयोगाकडे गेली आणि २०११ साली आयोगाने ठरवले की अमेरिकेने तिच्या मुलींचे संरक्षण करण्यात कसूर केली.

आपल्याकडे असा मनाई आदेश असता तर? २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात संरक्षण आदेशाचा भंग हा स्वतंत्र गुन्हा आहे, आणि तो दखलपात्र आहे. म्हणजे भंग होतो आहे हे कळताच ‘रोखील’ हे क्रियापद जागे होते. अमेरिकेत जे न्यायाधीशांना शब्दांतून सापडले नाही, ते आपल्याकडे कायद्याने आधीच लिहून ठेवले आहे.

आणि नागरिक मात्र एकेकटा

आणखी एक विसंगती आहे, ती दातिवऱ्याच्या लोकांना चटकन पटेल. नागरिकाने सरकारसाठी काही करायचे असते, तेव्हा कायदा त्याला नावानिशी ओळखतो. शांतताभंग रोखायला पोलिसाने वाजवी मदत मागितली, तर ती देण्याचे प्रत्येक व्यक्तीवर बंधन आहे, आणि ती नाकारणे हा गुन्हा आहे. २६ नोव्हेंबर २००८ला हल्लेखोर समुद्रावरून, पळवलेल्या मच्छीमार बोटीतून आले. तेव्हापासून किनाऱ्यावरचा मच्छीमार सरकारचे डोळे आणि कान झाला आहे. त्याच्या होडीची नोंद होते, त्याच्या बोटांचे ठसे ओळखपत्रात असतात, संशयित नाव दिसली तर कळवायचे हे त्याला सांगितलेले असते. समुद्राच्या दिशेने पाहताना राज्याला हा माणूस एकेकटा, ठशासकट, दिसतो. तोच माणूस तोंड फिरवून राज्याकडे मदत मागायला आला की मात्र तो अचानक ‘समाज’ होतो. हा दृष्टिदोष कायद्याचा नाही. कायदा वाचणाऱ्याचा आहे.

मारणारा तिसरा असला तरी

मारणारा सरकारी माणूस नसेल तर सरकार जबाबदार नाही, या आक्षेपाचे उत्तर आपल्या न्यायालयांनी तीनदा तरी दिले आहे.

अरुणाचल प्रदेशातील चकमा निर्वासितांना विद्यार्थी संघटनेने हुसकावण्याच्या धमक्या दिल्या, तेव्हा राष्ट्रीय मानवाधिकार आयोग सर्वोच्च न्यायालयात गेला. जानेवारी १९९६मध्ये न्यायालयाने सांगितले की राज्य प्रत्येक माणसाच्या जिवाचे रक्षण करायला बांधील आहे, मग तो नागरिक असो वा नसो. धमकी देणारे सरकार नव्हते, तरी बंधन सरकारवर होते. घटनेच्या कलम २१मध्ये ‘नागरिक’ हा शब्दच नाही, ‘व्यक्ती’ आहे. आपल्या पुढ्यातल्या प्रश्नाला घटनेनेच ‘एकेक व्यक्ती’ असे उत्तर दिले आहे.

त्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयाने १९८४च्या शीखविरोधी दंगलीत मारल्या गेलेल्यांच्या कुटुंबांची भरपाई साडेतीन लाख रुपयांपर्यंत वाढवली. मारणारी झुंड होती. पण झुंडीपासून वाचवणे हे राज्याचे कर्तव्य होते आणि ते पाळले गेले नाही, म्हणून ही भरपाई.

तिसरा निकाल आपल्या घरचा आहे. १९९२-९३च्या मुंबई दंगलीत ९०० माणसे मेली, १६८ बेपत्ता झाली. ४ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट म्हटले की कायदा व सुव्यवस्था राखण्यात आणि कलम २१मधील लोकांच्या हक्कांचे रक्षण करण्यात राज्य सरकार अपयशी ठरले. बेपत्ता माणसांपैकी १०८ जणांचे वारस शोधा, दोन लाख रुपये द्या आणि २२ जानेवारी १९९९पासून दर साल दर शेकडा नऊ टक्के व्याजही द्या, असा आदेश झाला. तीस वर्षांनी आलेल्या या निकालाच्या उशिरावर पुष्कळ बोलता येईल. पण त्यात हिशेब मांडला आहे तो माणशी. दोन लाख ‘समाजा’ला दिले नाहीत, एकेका बेपत्ता माणसाच्या वारसाला दिले.

आता ‘उपहार’ आणि ‘कस्तुरीलाल’. ‘उपहार’मध्ये पोलीस परवाना देणारे नियामक होते. चित्रपटगृहाची तपासणी नीट झाली की नाही, हा त्या निकालाचा विषय. आग लागणार हे कळवूनही पोलीस आले नाहीत, असे ते प्रकरण नव्हते. नियमनातली ढिलाई आणि कळलेल्या धोक्याकडे केलेली डोळेझाक, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘कस्तुरीलाल’मध्ये तर न्यायालयानेच कायदे करणाऱ्यांकडे बोट दाखवले होते. राज्याच्या दायित्वाचा कायदा करा, अशी शिफारस विधि आयोगाने १९५६ साली आपल्या पहिल्याच अहवालात केली होती. तो कायदा अजून झाला नाही. १९९३ साली ‘नीलाबती बेहेरा’ निकालाने मार्ग मोकळा केला: मूलभूत हक्काचा भंग झाला तर सार्वभौमत्वाची ढाल चालत नाही, न्यायालय थेट भरपाई देऊ शकते. ‘कस्तुरीलाल’ अधिकृतपणे रद्द झाला नसला तरी त्याचे दात तेव्हाच पडले.

पोलीस कमी आहेत, पुढे?

संख्येचा आक्षेप मात्र प्रामाणिक आहे आणि त्याला प्रामाणिक उत्तर द्यायला हवे. पोलिसांवर बंधन आहे ते प्रयत्नाचे, फळाचे नाही. ‘पूर्ण कुवतीने’ हे शब्द त्यासाठीच आहेत. डॉक्टरवर रोगी बरा करण्याचे बंधन नसते, पण रोगी दारात असताना दार न उघडण्याची मुभाही नसते. तीच रेषा इथे आहे.

युरोपच्या मानवाधिकार न्यायालयाने १९९८ साली ‘उस्मान’ प्रकरणात ही रेषा आखून दिली. एखाद्या ठरावीक माणसाच्या जिवाला खरा आणि नजीकचा धोका आहे हे पोलिसांना ठाऊक होते किंवा ठाऊक असायला हवे होते, आणि तरी वाजवी उपाय केले नाहीत, तर राज्य जबाबदार. या कसोटीत प्रत्येकाच्या दारी शिपाई बसत नाही. धोका अमूर्त असेल तर पोलीस मोकळे आहेत. धोक्याला नाव, पत्ता आणि तारीख मिळाली की ते बांधले जातात. साक्षीदारांच्या बाबतीत आपणही हे मान्य केले आहे: २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने मंजूर केलेल्या साक्षीदार संरक्षण योजनेत एकेका माणसाच्या धोक्याचा अहवाल पोलिसांना बनवावा लागतो आणि जिल्हा न्यायाधीशांच्या समितीपुढे ठेवावा लागतो. एका माणसासाठी हे करता येते, हे सिद्ध झाले आहे.

गडचिंचलेची रात्र

हा सगळा वाद आमच्या जिल्ह्याने पुस्तकात वाचलेला नाही. १६ एप्रिल २०२०च्या रात्री, टाळेबंदीच्या काळात, डहाणू तालुक्यातील गडचिंचले इथे दोन साधू आणि त्यांच्या गाडीचा चालक जमावाच्या मारहाणीत मेले. ते मुंबईहून एका अंत्यविधीसाठी सुरतेकडे निघाले होते. मुले पळवणारे फिरत आहेत, ही अफवा त्या भागात पसरलेली होती. पोलीस तिथे पोहोचले होते. त्यांच्यावरही हल्ला झाला. पण देशाने पाहिलेल्या चित्रफितीत वयोवृद्ध साधू पोलिसाच्या आधाराने बाहेर येतो आणि पुढच्या क्षणी तो आधार उरत नाही.

त्याआधी एकवीस महिने, १ जुलै २०१८ला, धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच भिक्षेकऱ्यांना याच अफवेवरून मारण्यात आले होते. सोळा दिवसांनी, १७ जुलैला, सर्वोच्च न्यायालयाने ‘तहसीन पूनावाला’ प्रकरणात झुंडबळींविषयी निर्देश दिले. प्रत्येक जिल्ह्यात अधीक्षक दर्जाचा समन्वय अधिकारी, अफवांवर नजर, जमाव पांगवणे हे पोलिसाचे कर्तव्य. आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे, हे निर्देश न पाळणे हा जाणूनबुजून केलेला निष्काळजीपणा मानला जाईल आणि त्यावरची कारवाई केवळ खात्यांतर्गत चौकशीपुरती मर्यादित राहणार नाही.

गडचिंचलेनंतर जिल्ह्याचे पोलीस अधीक्षक सक्तीच्या रजेवर गेले. अठरा पोलिसांना शिक्षा झाल्याचे राज्याने सर्वोच्च न्यायालयाला सांगितले. काहींची नोकरी गेली, बाकीच्यांच्या वेतनाला कात्री लागली. पुढे राज्याने तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे देण्यास संमती दिली. प्रचलित मताच्या पुरस्कर्त्यांना मी इथे थांबवून विचारतो: त्या तीन माणसांविषयी पोलिसांवर कर्तव्यच नव्हते, तर ही नोकरी कशासाठी गेली आणि वेतन कशासाठी कापले? शिक्षा देताना राज्याने कर्तव्य मान्य केले आहे. ते गृहीत धरल्याशिवाय एक रुपयाही कापता आला नसता.

त्या रात्रीच्या पोलिसांविषयी घाईने बोलणेही मला पसंत नाही. अंधार, डोंगराळ भाग, चिडलेला जमाव आणि मोजके शिपाई, यात कुवत किती होती हे तपासूनच ठरवावे. पण ‘कुवत किती होती’ हा प्रश्न विचारता येतो तो कर्तव्य मानल्यावरच.

मग प्रचलित मत टिकून का आहे?

कारण त्यात एक सत्य दडलेले आहे आणि ते मान्य केले नाही तर माझे खंडन अपुरे राहील. कर्तव्य आहे, पण दाद मिळण्याची वाट अरुंद आहे. लोक या दोन गोष्टींची गल्लत करतात. दाद मिळत नाही, म्हणून कर्तव्यच नाही, असा निष्कर्ष काढतात. कर्जदार पैसे देत नाही, म्हणून कर्ज नव्हतेच, असे म्हणण्यापैकी हे झाले.

दाद किती अरुंद आहे पाहा. कलम १४५मधल्या भ्याडपणाची आणि हयगयीची शिक्षा जास्तीत जास्त तीन महिने कैद किंवा १०० रुपयांपर्यंत दंड. १९५१ सालच्या विधिमंडळाला शंभर रुपये मोठे वाटले असतील. स्त्रियांवरील काही गंभीर गुन्ह्यांची फिर्याद न नोंदवणाऱ्या अधिकाऱ्याला २०१३च्या दुरुस्तीने किमान सहा महिन्यांची सक्तमजुरी सांगितली. ती आता न्याय संहितेच्या कलम १९९मध्ये आहे. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम ४नेही कर्तव्यात हयगय करणाऱ्या लोकसेवकाला सहा महिने ते एक वर्ष कैद ठेवली आहे. आदिवासीबहुल पालघरमध्ये हे कलम प्रत्येक ठाणेदाराला तोंडपाठ असायला हवे. म्हणजे जिथे कायदा करणाऱ्यांची इच्छा होती, तिथे कर्तव्याला दात बसवले गेले. बाकी ठिकाणी शंभर रुपये.

दुसरी अडचण ठाण्याच्या टेबलावरची आहे. ‘रोखील’ हे क्रियापद दखलपात्र गुन्ह्याला लागू आहे. म्हणून प्रकरण अदखलपात्र ठरवून एनसी लिहिली की बंधन लेखणीच्या एका फटकाऱ्यात गळून पडते. फार तर दोन्ही बाजूंना शांततेची नोटीस काढतात, जिला ठाण्यात आणि गावात ‘चॅप्टर केस’ म्हणतात. धमकी देणारा आणि धमकी खाणारा, दोघेही एकाच रांगेत. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाल्यावर गुन्हा नोंदवणे सक्तीचे आहे, असे ‘ललिता कुमारी’ निकालाने २०१३ साली घटनापीठाच्या मुखाने सांगितले, ते याच पळवाटेवर बोट ठेवून. आणि गुन्हा दखलपात्र नसला तरी कलम ६६मधला ‘धोका टाळण्याची पराकाष्ठा’ हे शब्द एनसीने पुसले जात नाहीत.

तेव्हा निर्णय असा. पोलिसांवर एकेका माणसाच्या रक्षणाचे कायदेशीर बंधन आहे. ते प्रयत्नाचे आहे. ते धोका कळल्याच्या क्षणी सुरू होते. त्याच्या भंगाची किंमत विधिमंडळाने फार कमी लावली आहे, आणि राज्याच्या दायित्वाचा कायदा १९५६पासून थकला आहे. भांडायचे असेल तर ते या दोन गोष्टींसाठी भांडावे. ‘बंधनच नाही’ असे म्हणणारा माणूस नकळत ठाण्यातल्या आळसाची वकिली करतो, मग तो वकिली शिकणारा असो की ठाण्याच्या बाकावर वैतागलेला.

होडीवाल्याला त्या संध्याकाळी मी एवढेच सांगितले, आणि वाचकालाही तेच सांगतो. बंधन कळण्यापासून सुरू होते, म्हणून पोलिसांना कळले होते हे सिद्ध करता आले पाहिजे. तोंडी सांगून परतू नका. धमकी कुणी दिली, कुठे, कधी, कोणासमोर, कशाने जिवाला धोका वाटतो, हे अर्जात लिहा. घाईची वेळ असेल तर ११२ला फोन करा, त्या फोनची नोंद राहते. ठाण्यात ऐकले नाही तर तोच अर्ज टपालाने पोलीस अधीक्षकांना पाठवा, ही वाट संहितेनेच दिली आहे. आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारीख, वेळ आणि शिक्का घेतल्याशिवाय ठाण्याची पायरी उतरू नका.